फुगा घट्ट बसवूनही वजन दीड ग्रॅमने कमी: सोडा-व्हिनेगरच्या प्रयोगात नेमकं काय होतं?

खडूफळा:

द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेआधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच राहतं) दाखवण्यासाठी नववीच्या वर्गात सोडा-व्हिनेगर-फुगा हा प्रयोग करतोय. मांडणी अशी: ५०० मिलीची प्लास्टिकची बाटली, तिच्यात १०० मिली पांढरं व्हिनेगर (लेबलवर ॲसिटिक ॲसिड ४ टक्के), फुग्यात नरसाळ्याने भरलेला ५ ग्रॅम खायचा सोडा. फुग्याचं तोंड बाटलीवर ताणून बसवायचं, सगळं मिळून वजन करायचं, मग फुगा उभा करून सोडा आत पाडायचा आणि पुन्हा वजन करायचं. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे.

आधीचं वजन १२९.४ ग्रॅम, नंतरचं १२७.९. दीड ग्रॅमचा फरक. फुगा बाटलीवर घट्ट आहे, कुठून फसफस ऐकू येत नाही, फुगा नंतरही तसाच फुगलेला राहतो. दुसऱ्या गटाने सोडा दुप्पट, म्हणजे १० ग्रॅम घेतला. त्यांचा फुगा जेमतेम थोडा मोठा झाला आणि वजनातला फरक १.७ ग्रॅम आला.

ज्या नियमासाठी प्रयोग करायचा त्याच्या उलटच आकडा फळ्यावर येतो. ‘प्रयोगातली त्रुटी’ म्हणून सोडून द्यायचं नाहीये, कारण फरक दर वेळी जवळपास तेवढाच येतो. दोन प्रश्न आहेत. वजन नेमकं कुठे जातं? आणि सोडा दुप्पट केला तर वायू दुप्पट का होत नाही?

——

कोकणकडा:

फुग्याच्या कडेने गळती होतच असणार. रबराचं तोंड आणि बाटलीचे आटे यांच्यामध्ये फट राहते. आट्यांवर आधी टेफ्लॉन टेपचे (नळाला लावतात ती पांढरी) चार-पाच वेढे द्या, वर फुगा चढवा, फुग्यावरून रबरबँडचे तीन वेढे. सेलोटेप लावू नका, फुगा ताणला की ती सुटते. जोड साबणाच्या फेसाने तपासा, बुडबुडे आले तर गळती. मात्र हे वजन करण्याआधी करून बाटली पुसून कोरडी करा, नाहीतर फेसाचं वजनही काट्यावर येईल.

——

तराजू:

टेफ्लॉन टेप जरूर लावावी, पण हा दीड ग्रॅम गळतीचा नाही. बाटलीतून काहीच बाहेर गेलं नाही तरी काटा एवढा फरक दाखवणारच. कारण हवेचं उत्प्लावक बल.

काटा वस्तुमान थेट मोजत नाही. पारड्यावर खाली किती बल पडतंय ते मोजतो आणि ग्रॅममध्ये लिहून दाखवतो. सुरुवातीला फुगा चपटा असतो. प्रयोगानंतर तो सव्वा-दीड लिटर जागा अडवून बसतो, म्हणजे तेवढी बाहेरची हवा बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्या बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकं बल त्याला वर ढकलतं. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.१८ ग्रॅम असतं. दीड ग्रॅम तिथेच सापडतो.

आता नेमका हिशेब. सोडियम बायकार्बोनेटचा, म्हणजे खायच्या सोड्याचा, एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) म्हणजे ८४ ग्रॅम, म्हणून ५ ग्रॅम सोडा ०.०६० मोल. ॲसिटिक आम्लाचा मोल ६० ग्रॅमचा. १०० मिली ४ टक्के व्हिनेगरमध्ये ४ ग्रॅम आम्ल, म्हणजे ०.०६७ मोल. अभिक्रिया एकास एक:

सोडियम बायकार्बोनेट + ॲसिटिक आम्ल → सोडियम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

सोडा आधी संपतो, म्हणून वायू ०.०६० मोल. पैकी साधारण ०.००३ ते ०.००४ मोल १०० मिली द्रवातच विरघळून राहतो (२५ अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो). बाहेर आला ०.०५६ मोल. आकारमान सुमारे १.३७ लिटर.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. ॲव्होगॅड्रोच्या नियमानुसार वायूचा एक मोल बाहेरच्या हवेचा एक मोल बाजूला सारतो, आणि हवेचा मोल सुमारे २९ ग्रॅमचा. म्हणून काट्यावरचा फरक थेट मिळतो: ०.०५६ × २९ = १.६ ग्रॅम. फुग्याचं रबर आतला वायू दोन-तीन टक्के दाबून ठेवतं आणि थोडा जास्तीचा वायू द्रवात अडकून राहतो, म्हणून प्रत्यक्षात १.५. तुमचा आकडा अगदी बरोबर आहे. हा प्रयोग मुंबईत करा की महाबळेश्वरला, फरक तोच येईल. उंचावर हवा विरळ असते, पण त्याच प्रमाणात फुगाही मोठा होतो.

गळतीची शंका दुसऱ्या बाजूनेही तपासता येते. फुग्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक मोल गळला तर ४४ ग्रॅम जातात, पण फुगा आकसल्यामुळे उत्प्लावक बलातले २९ ग्रॅम परत मिळतात. काट्यावर निव्वळ फरक १५ ग्रॅमचा. म्हणजे १०० मिली वायू गळाला तर आकडा जेमतेम ०.०६ ग्रॅमने उतरेल, तुमच्या काट्यावर तो धड दिसणारही नाही. गळालेला वायू मुख्यतः बाटलीतली मूळ हवाच असेल तर काहीच फरक पडणार नाही. हा काटा फुग्यातली गळती पकडूच शकत नाही. गळती फुग्याच्या घेरावरून पकडायची, दोरा गुंडाळून.

वर्गात पटवून द्यायचं असेल तर वेगळा फुगा घ्या. चपटा असताना वजन करा. सायकलच्या पंपाने किंवा फुग्याच्या हातपंपाने हवा भरा, गाठ मारा, पुन्हा वजन करा. १.३ लिटर हवा म्हणजे दीड ग्रॅम हवा आत गेली, पण काटा फार तर ०.०५ ग्रॅम वाढ दाखवेल. त्या हवेचं वजन गेलं कुठे हा प्रश्न मुलांना आधी पडू द्या, मग सोडा-व्हिनेगरच्या फुग्याकडे या. तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत साचून आकडा बिघडवते.

——

बुन्सेन:

तराजू यांनी बलाचा भाग सांगितला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच हिशेबात आहे. दहा ग्रॅम सोडा म्हणजे ०.१२ मोल, पण आम्ल तेवढेच, ०.०६७ मोल. आम्ल संपले की वायू थांबला. ५.६ ग्रॅमच्या वरचा सगळा सोडा तळाशी किंवा द्रावणात तसाच पडून राहतो. ०.०६७ मधून विरघळलेला भाग वजा करून २९ ने गुणल्यास १.८ ग्रॅम येतात, त्या गटाला मिळाले १.७. जवळपास निम्मा सोडा वाया गेला हे त्या मुलांना दाखवायचे असेल तर उरलेल्या द्रवात चमचाभर व्हिनेगर घालावे. तो पुन्हा फसफसेल. पहिल्या गटाच्या द्रवात व्हिनेगर घालून काही होणार नाही, तिथे चिमूटभर सोडा घातल्यावर होईल. कोण संपले आणि कोण उरले याचा पुरावा एका मिनिटात मिळतो.

मांडणीविषयी काही सूचना.

व्हिनेगरची बाटली कोणती आहे ते आधी वाचावे. बाजारात ४ टक्क्यांचे आणि ५ टक्क्यांचे अशी दोन्ही मिळतात. ५ टक्के असेल तर १०० मिलीला ७ ग्रॅम सोडा पुरतो. सपाट केलेला एक छोटा चमचा (५ मिलीचा) म्हणजे अंदाजे पावणेपाच ग्रॅम सोडा धरावा. शिगोशीग चमच्यात आठ-नऊ ग्रॅमही बसतात, म्हणून गटागटांचे आकडे जुळत नाहीत. काटा आहे, तर सोडाही काट्यावरच मोजावा.

फुग्यात सोडा भरताना फुगा आतून कोरडा हवा. पुष्कळदा मुले फुगा सैल व्हावा म्हणून आधी तोंडाने फुगवतात. आत ओल राहते आणि सोडा भिंतीला चिकटून बसतो. मग पाच ग्रॅमपैकी चारच खाली पडतात आणि हिशेब चुकतो. फुगा हाताने ताणून सैल करावा किंवा पंप वापरावा. सोड्यात गुठळ्या असतील तर चाळून घ्यावा. गुठळी बाहेरून ओली होते, आतला भाग कोरडाच राहतो आणि बराच वेळ हळूहळू बुडबुडे येत राहतात.

सोडा सगळा एकदम उलटू नये. तीन-चार टप्प्यांत पाडावा, नाहीतर फेस मानेपर्यंत चढतो आणि द्रव फुग्यात जातो. वजनाला त्याने फरक पडत नाही, पण रबर आतून ओले होऊन तिथला सोडा तिथेच अडकतो. शेवटी बाटली अर्धा मिनिट गोल हलवावी. कार्बन डायऑक्साइड पाण्यात क्षमतेपेक्षा जास्त अडकून राहतो, हलवल्याशिवाय निघत नाही. नंतर दोन मिनिटे थांबून वजन करावे.

फुगा साधारण १३ ते १४ सेंटिमीटर व्यासाचा होतो, घेर ४२-४३ सेंटिमीटर. बाजारातला मोठा फुगा पूर्ण फुगायला पाच-सहा लिटर वायू लागतो, त्यामुळे ‘फुगा नीट फुगला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अपेक्षेची असते. आकारमान काढण्यासाठी सोपे सूत्र: सेंटिमीटरमधील घेराचा घन भागिले ५९ म्हणजे मिलिलिटर. फुगा पूर्ण गोल नसतो, दहा टक्के इकडेतिकडे धरावे. वजनातील फरकावरून काढलेले आकारमान आणि घेरावरून काढलेले आकारमान जवळ आले, तर उत्प्लावक बलाचे स्पष्टीकरण निव्वळ बोलण्यापुरते राहत नाही.

वजन करताना पंखा बंद. वायूने भरलेला फुगा एका बाजूला कलंडून टेबलाला टेकतो आणि आकडा आणखी घसरतो, हे फार वेळा घडते. बाटलीच्या मानेभोवती जाड कागदाची कॉलर करून फुग्याला आधार द्यावा. कॉलर पहिल्या वजनातही असली पाहिजे.

आणखी एक. द्रव या अभिक्रियेत थंड होतो, सुमारे ४ अंशांनी. वायू बाहेर पडणारी ही अभिक्रिया उष्माग्राही आहे. कोकणात पावसाळ्यात तेवढ्या थंडपणानेही बाटलीवर बाहेरून दव धरू शकते, आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ते दिसते. बाटली पुसून वजन करावे. थर्मामीटर असेल तर तापमानाचीही नोंद घ्यावी. आम्ल आणि सोडा मिसळले की गरम होणारच, असे मुले धरून चालतात.

——

खडूफळा:

हे फारच उपयोगी आहे. घेर मोजला नव्हता, आता मोजू. तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या.

एक, उत्प्लावक बल समजावून सांगता येईल, पण नियम दाखवणारा असा प्रयोग हवा की ज्यात वजन खरोखर तेवढंच राहील. फुग्याशिवाय झाकण लावलेल्या बाटलीत केलं तर बाटली फुटेल का?

दोन, फुग्यातला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ झाली, पण एका गटाची दुधाळ होऊन पुन्हा निवळायला लागली आणि एका गटाची दुधाळ झालीच नाही.

तीन, खायचा सोडा संपला तर धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालेल का?

——

तराजू:

झाकणाच्या बाटलीत करता येतं, आणि नियमासाठी तोच खरा प्रयोग. मात्र मापं काटेकोर पाळायची. बाटली शीतपेयाचीच घ्यायची, ५०० मिलीची, न चेमटलेली. पाण्याची पातळ बाटली नको, काचेची तर अजिबात नको. शीतपेयाची बाटली दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते.

५० मिली व्हिनेगर, २ ग्रॅम सोडा. यापेक्षा जास्त नाही.

हिशेब: २ ग्रॅम म्हणजे ०.०२४ मोल, एका वातावरणाच्या दाबाला (म्हणजे बाहेरच्या हवेच्या नेहमीच्या दाबाला) सुमारे ५८० मिली वायू. बाटलीत रिकामी जागा ४५० मिली. म्हणजे बाहेरच्यापेक्षा सव्वा वातावरण जादा दाब. खोलीच्या तापमानाला शीतपेयाच्या सीलबंद बाटलीत यापेक्षा बराच जास्त दाब असतो, म्हणून हे सुरक्षित मर्यादेत आहे. पण कुणी ‘जरा जास्त’ म्हणून १०० मिलीला ५ ग्रॅम टाकले तर दाब साडेतीन वातावरणांवर जातो, आणि जुन्या, ओरखडे पडलेल्या बाटलीचा भरवसा देता येत नाही. सोडा शिक्षकांनी मोजून द्यायचा, मुलांच्या हाती पाकीट नको. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि झाकण कुणाच्या तोंडाकडे नको.

झाकण लागेपर्यंत सोडा वेगळा राहायला हवा. कागदात गुंडाळून टाकला तर झाकण फिरवेपर्यंत वायू सुटायला लागतो. प्रयोगशाळेतली छोटी इग्निशन ट्यूब घ्या, किंवा होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची कुपी, बूच काढून. तिच्यात सोडा भरा, मानेला दोरा बांधा आणि बाटलीत हळूच उतरवून भिंतीला टेकवा. दोरा आतच राहू द्या, झाकणात अडकला तर गळती होईल. ५० मिली द्रवाची खोली दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, कुपीचं तोंड वर राहतं. प्लास्टिकची कुपी तरंगून आडवी होते म्हणून काचेची. बाटली न दाबता झाकण घट्ट लावा, वजन करा, मग बाटली आडवी करून कुपी भरू द्या. जोरात हलवू नका.

आता वजन करा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर आकडा हलणार नाही. ०.०१ ग्रॅमचा काटा असेल तर एक-दोन शतांश कमी दिसेल, कारण दाबाने बाटली पाच-दहा मिली फुगते आणि तेवढी हवा सारते. हाताने दाबून बाटली कडक झालेली दाखवा, वायू आत आहे याची तीच खूण.

मग झाकण हळूहळू सैल करा. आवाज थांबला की झाकण बाटलीवरच ठेवून पुन्हा वजन. ०.७ ते ०.८ ग्रॅम कमी होतील, आणि द्रवातून बुडबुडे येत राहतील तसं आणखी थोडं. बाहेर गेलेला वायू निव्वळ कार्बन डायऑक्साइड नसतो, त्यात बाटलीतली हवाही मिसळलेली असते. म्हणून या आकड्यावरून तयार झालेल्या वायूचं वस्तुमान काढू नका.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७७४ मध्ये कथील बंद काचपात्रात तापवलं होतं. पात्र बंद असेपर्यंत वजन बदललं नाही, उघडल्यावर हवा आत शिरली आणि वजन वाढलं. त्याचं पात्र न फुगणारं होतं, म्हणूनच तो निष्कर्ष काढता आला. फुगा हा मुळात या नियमासाठी चुकीचा डबा आहे. मला तर वाटतं दोन्ही प्रयोग लागोपाठ करावेत, आधी फुगा, मग झाकण, आणि मधल्या दीड ग्रॅमवर मुलांना वाद घालू द्यावा.

——

मोगरा:

निवळीबद्दल. तुमच्या तीनही गटांनी तीन वेगळ्या खऱ्या गोष्टी पाहिल्या आहेत.

दुधाळ झाली ती कॅल्शियम कार्बोनेटमुळे, ते पाण्यात विरघळत नाही. वायू आणखी सोडत राहिलं की कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं, म्हणून निवळायला लागते. ५० मिली संपृक्त निवळीत जेमतेम ०.०८ ग्रॅम चुना विरघळलेला असतो, त्याला पूर्ण दुधाळ व्हायला २५ ते ३० मिली वायू पुरतो. तुमच्या फुग्यात एक लिटरच्या वर आहे. नळी दोन मिनिटं तशीच ठेवली की दुधाळपणाचा टप्पा मागे पडणारच.

पण संपृक्त निवळी परत पूर्ण काचेसारखी स्वच्छ होत नाही. सामान्य दाबाला कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या लिटरभर पाण्यात सुमारे एक ग्रॅमच कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि संपृक्त निवळीतून दोन ग्रॅमच्या वर तयार होतं. दोन्ही टप्पे ठळक दाखवायचे असतील तर एक भाग निवळीत दोन भाग उकळून गार केलेलं पाणी घाला. पातळ निवळी आधी दुधाळ होते आणि मग खरोखर निवळते. ती निवळलेली उकळा, पुन्हा गढूळ होईल. बोअरच्या पाण्याने भांड्यात जो पांढरा थर चढतो तो असाच बसतो.

दुधाळ झालीच नाही त्या गटाकडे दोन कारणं शोधा. पहिलं, जुनी निवळी. अर्ध्या भरलेल्या बाटलीत ठेवलेली निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहते, वर पातळ साय धरते आणि खाली नुसतं पाणी उरतं. दुसरं आणि जास्त वेळा घडणारं कारण म्हणजे नळीतून व्हिनेगरचे थेंब निवळीत जाणं. फेस नळीच्या टोकापर्यंत चढला की आम्ल निवळीत येतं, ते चुना आधी उदासीन करतं आणि तयार झालेला साकाही विरघळवतं. नळीचं बाटलीतलं टोक बुचाच्या जेमतेम खाली ठेवा. शंका असेल तर निवळीत हळद लावलेल्या कागदाची पट्टी बुडवा. चांगली निवळी तिला लाल करते. पट्टी पिवळीच राहिली तर त्या निवळीत काही उरलेलं नाही.

निवळी करायची कृती: खायचा चुना अर्धा चमचा, उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, बाटलीत घालून चांगलं हलवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं स्वच्छ पाणी न ढवळता दुसऱ्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावायचं. चुना जास्त घातला तरी निवळी जास्त कडक होत नाही, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. उकळलेलं पाणी एवढ्यासाठी की नळाच्या पाण्यातला बायकार्बोनेट चुन्याशी मिळून आधीच गढूळ करतो. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि नळीला तोंड लावून कुणी ओढू नये.

स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात मॅग्नेशिया अल्बा (मॅग्नेशियम कार्बोनेटचा एक प्रकार) तापवल्यावर घटलेलं वजन एका वायूचं आहे हे तराजूनेच दाखवलं होतं, आणि त्याला ‘बद्ध वायू’ म्हटलं होतं. तो वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. वजन आणि निवळी या दोन गोष्टी तुमच्या वर्गात एकाच तासाला एकत्र येताहेत, हे मुलांना आवर्जून सांगा.

——

बुन्सेन:

धुण्याचा सोडा या प्रयोगाला नको. तो सोडियम कार्बोनेट आहे आणि कामाची पद्धत वेगळी. आम्लाचा पहिला भाग कार्बोनेटचे बायकार्बोनेट करण्यात खर्च होतो, त्यात वायू निघत नाही. दुसऱ्या भागाने वायू निघतो. एका मोल वायूला दोन मोल ॲसिटिक आम्ल लागते, म्हणजे त्याच १०० मिली व्हिनेगरमधून वायू निम्माच. शिवाय खड्यांच्या धुण्याच्या सोड्यात वजनाचा मोठा भाग स्फटिकजलाचा असतो. निर्जल सोड्याचा मोल १०६ ग्रॅमचा, दहा रेणू पाणी असलेल्या खड्यांचा २८६ ग्रॅमचा, आणि हवेत ठेवलेल्या खड्यातून पाणी उडत असल्याने नेमका आकडा सांगता येत नाही. त्याच्या द्रावणाने डोळे आणि कातडीही जास्त चुरचुरतात.

पापडखार दुकानागणिक वेगळा असतो, कार्बोनेट-बायकार्बोनेट यांचे प्रमाण पाकिटावर नसते. हिशेबाच्या प्रयोगात घेऊ नये. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात, तीही नको. डब्यावरचे नाव पुसले असेल तर हळदीने ओळखता येते. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच सव्वाआठच्या आसपास, त्यात हळदीची पट्टी फिकट नारिंगी होते. धुण्याच्या सोड्याचा अकराच्या जवळ, तिथे गडद लाल. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क असेल तर व्हिनेगरमध्ये तो गडद गुलाबी आणि सोड्यात हिरवा, त्यामुळे अभिक्रिया होताना कुणाचे पारडे जड आहे तेही रंगावरून कळते.

व्हिनेगरचा वास नको असेल तर लिंबूसत्व घ्यावे. सायट्रिक आम्लाचा एक रेणू सोड्याच्या तीन रेणूंना पुरतो, म्हणून ५ ग्रॅम सोड्याला निर्जल लिंबूसत्व ३.८ ग्रॅम, पाण्याचा एक रेणू असलेले ४.२ ग्रॅम. कोणते आहे ते पाकिटावर बहुधा नसते, साडेचार ग्रॅम घ्यावे आणि ५० मिली पाण्यात विरघळवावे. द्रव निम्मा असल्याने त्यात विरघळून राहणारा वायूही निम्मा. ताज्या लिंबाचा रस चालतो, पण फळागणिक आम्ल बदलते आणि गरामुळे फेस फार येतो.

लिंबूसत्व आणि सोडा कोरडेच एकत्र करून ठेवले तर काही होत नाही, पाण्याचा थेंब पडला की सुरू. वर्गात हे दाखवायला छान, पण मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये. पावसाळी हवेतल्या ओलाव्याने अभिक्रिया सुरू होते, तिच्यातून पाणीच तयार होते, आणि त्या पाण्याने ती पुढे चालू राहते. पुड्या वेगवेगळ्या.

——

खडूफळा:

फुगा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवला तर चालेल का? तास संपेपर्यंत घेर मोजून होत नाही.

——

तराजू:

नाही. नैसर्गिक रबरातून कार्बन डायऑक्साइड हवेतल्या नायट्रोजनपेक्षा कितीतरी पटींनी जलद पार होतो. संध्याकाळपर्यंत फुगा स्पष्ट लहान झालेला दिसेल, गाठ कितीही घट्ट असली तरी. घेर पाच मिनिटांच्या आत घ्या. वेळ कमी असेल तर दोन मुलं वजनावर, दोन मुलं दोऱ्यावर अशी वाटणी करा, आणि वहीत पाच रकाने: आधीचं वजन, नंतरचं वजन, फरक, घेर, घेरावरून आकारमान. सहावा रकाना रिकामा ठेवा, फरक भागिले २९ गुणिले २४.५, म्हणजे वजनावरून आलेलं आकारमान लिटरमध्ये. तो मुलांनी घरी भरावा. २४.५ हा आकडा समुद्रसपाटीला २५ अंशाचा आहे. पुण्याच्या उंचीवर असाल तर २६ धरा.